दस्तुरीचा ‘निवांत’ अनुभव

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला माथेरानवरचा लेख वाचला. ‘दस्तुरीला गाडी लावा आणि निवांत वर निघा’ असा सल्ला त्यात आहे. (दस्तुरी म्हणजे माथेरानच्या वेशीवरचा वाहनतळ; मोटारी तिथेच थांबतात.) लेखक बहुधा एकटेच गेले असावेत. आम्ही गेल्या महिन्यात सहाजण गेलो होतो, पाच वर्षांच्या नातवापासून ७८ वर्षांच्या आईपर्यंत. आईच्या दोन्ही गुडघ्यांनी केव्हाच असहकार पुकारलाय.

गाडीचं दार उघडतोय तोच एक गृहस्थ हजर. ‘‘मिनी ट्रेन बंद आहे काका, पावसाळ्यात बंदच असते.’’ नेरळहून वर येणारी गाडी पावसाळ्यात बंद असते हे मला ठाऊक होतं, त्यामुळे चटकन पटलं. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंतची मिनी ट्रेनची शटल पावसातही चालते, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी शहाण्याने विचारलं नाही. स्टेशन तिथून पाच मिनिटांवर होतं!

मग आई आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसली. एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने खोगीर घट्ट धरलेलं, तोंडाने रामरक्षा. आम्ही मागून तांबड्या चिखलात चपला शोधतोय. अर्ध्या वाटेवर शिट्टी वाजली आणि शेजारच्या रुळांवरून गाडी डुलत डुलत निघून गेली. नातू टाळ्या पिटू लागला. आईने घोड्यावरूनच मागे वळून विचारलं, ‘‘अरे, बंद होती ना?’’ घरी आल्यापासून हा प्रश्न रोज चहाबरोबर येतो.

घोडेवाल्यांच्या पोटावर पाय द्यावा असं मी म्हणत नाही. मोटारींना बंदी असलेल्या गावात घोडा हवाच. पण वाहनतळाच्या तोंडाशीच शटलच्या वेळा ठळक मराठीत लावायला काय हरकत आहे? माथेरानमधल्या, माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा बंद करा, हे सांगायला २०२५ साली सर्वोच्च न्यायालय लागलं. एका पाटीसाठी तरी तिथवर जायची वेळ येऊ नये.

जाता जाता, लेखासोबतच्या फोटोखाली ‘सूर्यास्तासाठी प्रसिद्ध पॅनोरमा पॉइंट’ असं छापलंय. पॅनोरमाची ख्याती सूर्योदयाची. सूर्यास्ताला लोक पॉर्क्युपाइन पॉइंटवर जातात. पुरवणी वाचून कोणी संध्याकाळी पॅनोरमाला निघालं, तर घोडेवाल्याचं भाडं आपण देणार का?

– एक वाचक, डोंबिवली