‘दुसरा उमेश’ छापण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कापूस घरात आला आणि टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू झाल्या, की क्रीडापानावर ‘तालुक्याला गवसला दुसरा उमेश यादव’ अशा थाटाची बातमी हमखास येते. पोरगा उंच, रनअप लांब, पाच बळी, हातात चषक. कौतुकाला हरकत नाही. हरकत ‘दुसरा’ या शब्दाला आहे. कोवळा खेळाडू पुढे कोणासारखा होईल, हे ताडण्याची रीत बेसबॉलवाल्यांनी कधीच आकड्यांत बसवली आहे. आपल्या बातम्या त्या रितीची पहिलीच पायरी चुकतात. ती पायरी म्हणजे वय.

वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतला उमेश विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस बॉलच खेळला. नोव्हेंबर २००८ मध्ये रणजीत उतरला, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. मग बातमीतल्या १५ वर्षांच्या पोराशी ताडून पाहायला पंधराव्या वर्षीचा उमेश आणायचा कुठून? तुलना होते ती २०११ नंतर टीव्हीवर दिसलेल्या, कसोटी खेळलेल्या उमेशशी. विदर्भाच्या हर्ष दुबेला ‘दुसरा सरवटे’ म्हणणाऱ्यांचंही तेच. दोघे डावखुरे फिरकीपटू, इथवर ठीक. पण २०२४-२५ च्या रणजीत ६९ बळी घेतले तेव्हा हर्ष २२ वर्षांचा होता, आणि २०१९ च्या अंतिम सामन्यात ११ बळी घेणारा आदित्य सरवटे २९ वर्षांचा. मधली सात वर्षं गोलंदाजाच्या आयुष्यात फार मोठी.

बिल जेम्स या अमेरिकन अभ्यासकाने १९८० च्या दशकात काढलेली रीत शाळेच्या वहीत करता येते. दोन फलंदाज शेजारी ठेवायचे, १००० गुणांपासून सुरुवात करायची आणि फरकागणिक गुण कापायचे: २० सामन्यांच्या फरकाला एक, १५ हिट्सना एक, २ होमरनना (षटकारासारखा फटका) एक, १० रन्सना एक, सरासरीतल्या (फलंदाजीच्या संधीमागे हिट्सचं प्रमाण) ०.००१ ला एक. मग मैदानात खेळाडू उभा राहतो त्या जागेचा हिशेब. कॅचरला (त्यांचा यष्टिरक्षक) २४०, शॉर्टस्टॉपला १६८, फर्स्ट बेसच्या क्षेत्ररक्षकाला १२, आणि दोघांच्या आकड्यांतला फरकही वजा. म्हणजे फलंदाजी हुबेहूब असली तरी कॅचर आणि फर्स्ट बेसवाला यांच्यात एका झटक्यात २२८ गुण जातात. हे बरोबरच आहे. गुडघ्यांवर बसून वर्षं काढणाऱ्याचं शरीर वेगळं झिजतं. आपल्याकडे यष्टिरक्षकाला नुसत्या फलंदाजाच्या मापाने मोजतात, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

या रितीतली खोट अशी, की ती काळ आणि मैदान पाहत नाही. १९६८ साली पिचर (चेंडू फेकणारा) बॉब गिब्सनचा ईआरए, म्हणजे नऊ डावांमागे दिलेल्या रन्सची सरासरी, १.१२ होता, पुढच्याच वर्षी पिचरचा माउंड (उभं राहायचा उंचवटा) १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. त्या दोन वर्षांचे आकडे सरळ शेजारी मांडले तर फसगत ठरलेली. आपल्याकडे तर एका तालुक्यातच चार माउंड. एका गावी मॅटिंग, दुसरीकडे मुरूम, तिसरीकडे काळ्या मातीत भेगा, आणि एका बाजूची सीमारेषा पराटीच्या धुऱ्यावर, जेमतेम ४५ पावलं. शिवाय बऱ्याच टेनिस स्पर्धांत पायचीत देतच नाहीत. यष्टीवर मारा करणाऱ्या पोराचे निम्मे कष्ट तिथेच वाया जातात, आणि बाउंड्रीवर झेल देणाऱ्या हाफ ट्रॅकरला (आखूड चेंडूला) बळी मिळतात.

दुसरी गोष्ट, चेंडू किती? आठ षटकांच्या सामन्यात गोलंदाजाला दोन षटकं, म्हणजे १२ चेंडू. चार सामने जिंकून चषक घेतला तरी ४८. बेसबॉलमध्ये फलंदाजाचं स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचं) प्रमाण साधारण ६० पाळ्यांतच (फलंदाजीला येण्याच्या वेळा) भरवशाचं होतं, पण सरासरीवर विसंबायला सुमारे ९०० लागतात. म्हणून बळी मोजण्याआधी फलंदाजाची बॅट किती वेळा हुकली ते मोजा. ते लवकर बोलतं.

थोड्या आकड्यांना सरासरीकडे ओढण्याची ‘मार्सेल’ नावाची सोपी पद्धत बेसबॉलचा अभ्यासक टॉम टँगोने दिली आहे. गेल्या तीन हंगामांना ५, ४, ३ असं वजन द्यायचं. समजा, २३ वर्षांच्या खेळाडूने यंदा ५०० पाळ्यांत २० होमरन मारले, गेल्या वर्षी ४०० मध्ये १०, त्याआधी ३०० मध्ये ६. वजनासह होमरन १५८, पाळ्या ५०००. त्यात लीगच्या सरासरीच्या १२०० पाळ्या मिसळायच्या. लीगचा दर ३ टक्के धरला तर ३६ होमरन. झाले ६२०० त १९४. वय २९ पेक्षा जितकं कमी, त्या दर वर्षाला ०.६ टक्के वाढ, इथे ३.६ टक्के. पुढच्या हंगामात ५०० पाळ्यांना अंदाज निघतो साधारण १६. यंदाचे २० पाहून बातमीत लिहिलं जातं ३०.

२००३ मध्ये नेट सिल्व्हर या अमेरिकन अभ्यासकाची ‘पेकोटा’ ही अंदाजाची पद्धत आली. ती वय, उंची, वजनासह आधीच्या खेळाडूंतून एक नव्हे, अनेक जोडीदार शोधते आणि बऱ्या-वाईट शक्यतांचा पट्टा देते. नाव बिल पेकोटा या बेसबॉलपटूचं, ज्याची कारकिर्दीतली सरासरी अवघी .२४९, हा विनोद आम्हाला फार आवडतो. मुद्दा असा, की त्या जोडीदारांत फसलेलेही असतात. ‘दुसरा उमेश’ म्हणताना आपण फक्त पोचलेल्याला पाहतो. तेवढाच वेग असून खांदा गेलेले, पोलीस भरतीत लागलेले, वखरामागे गेलेले पन्नास जण त्या यादीत नसतातच.

आणि हे सगळं ज्या वयावर उभं, तेच वय कच्चं. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही जन्मतारीख अर्ध्या संघाची असते. खऱ्या १७ वर्षांचा पोरगा कागदावर १५ चा असला, तर आकडे भन्नाट दिसणारच. बेसबॉलपटू मिगेल तेहादानेही २००८ मध्ये कबूल केलं होतं, की आपला जन्म १९७६ चा नसून १९७४ चा.

आपल्या वार्ताहरांना एवढंच सांगा: नावापुढे वय आणि त्याचा पुरावा (जन्मनोंद की शाळेचा दाखला), चेंडू लेदरचा की टेनिसचा, खेळपट्टी कशाची, टाकलेले चेंडू, निर्धाव चेंडू. एका ओळीत बसतं. आणि मंडप सुटायच्या आत स्कोअरशीटचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. बक्षीस समारंभ आटोपेपर्यंत त्याच कागदावर कोणीतरी चिवडा घेतलेला असतो.

आपले,
काही स्कोअरर व क्रीडाशिक्षक,
दारव्हा-दिग्रस परिसर, जि. यवतमाळ