कर्णधाराची जर्सी

महोदय,

राजकारण्यांनी खेळाडूंकडून शिकावे, असे म्हटले की गाडी ‘खिलाडूवृत्ती’वर येते आणि तिथेच थांबते. मला त्याहून अवघड गोष्ट मोलाची वाटते: आपल्याच माणसांची नाराजी ओढवून घेणे.

दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाचे स्प्रिंगबॉक (तिथले एक हरिण) हे चिन्ह कृष्णवर्णीयांच्या लेखी वर्णभेदाचीच खूण होती. ते पुसून टाका, ही नेल्सन मंडेलांच्या समर्थकांची मागणी समजण्यासारखी होती. तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या मंडेलांनी ते राखायला लावले. २४ जून १९९५ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ते कर्णधार फ्रान्स्वा पिनारच्या ६ क्रमांकाची हिरवी जर्सी घालून मैदानात उतरले. संघात गोरा नसलेला खेळाडू एकच होता, हे विसरू नये! न्यूझीलंडवर १५-१२ असा विजय मिळाला. पण सामना हरले असते, तरी मला ती जर्सी तेवढीच मोठी वाटली असती.

याची दुसरी बाजूही आहे. २००५ मध्ये गृहयुद्धाने दुभंगलेला आयव्हरी कोस्ट प्रथमच फुटबॉल विश्वचषकासाठी पात्र ठरला, तेव्हा त्यांचा आघाडीचा खेळाडू दिदिए द्रोग्बाने ड्रेसिंग रूममध्ये कॅमेऱ्यासमोर सहकाऱ्यांसह गुडघे टेकून शस्त्रे खाली ठेवण्याची विनवणी केली. २००७ मध्ये राष्ट्रीय संघ बंडखोरांच्या बालेकिल्ल्यात, बुआके शहरात खेळला. तरीही २०१० च्या निवडणुकीनंतर तिथे पुन्हा रक्त सांडलेच. फुटबॉलपटूने तरी किती करायचे? पुढचे काम निवडणूक लढवणाऱ्यांचे होते.

– एक वाचक