न सुचण्याचे दुःख

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेखन अडण्याविषयीचा लेख वाचला. रोज ठरावीक वेळी लिहायला बसावे, हा त्यातील सल्ला ठीकच आहे. परंतु ‘मला कविता सुचत नाही’ असे कवितेतच सांगणाऱ्या कवीचे दुःख खरे कसे मानायचे, हा लेखकाचा प्रश्न मला फार लागला.

एप्रिल १८०२ मध्ये इंग्रजी कवी कोलरिज यांनी एक दीर्घ पद्यपत्र लिहिले आणि त्यातला बराच खाजगी भाग गाळून ते त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ‘डिजेक्शन’ (म्हणजे खिन्नता) या नावाने लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ या दैनिकात छापले. त्यात कवी संध्याकाळी पश्चिमेचे आभाळ पाहतो आहे. तिथे पिवळसर हिरवी छटा आहे, विरळ ढगांच्या आडून तारे सरकल्यासारखे भासतात आणि चंद्रकोर निळ्या तळ्यात उगवल्यासारखी निश्चल आहे. हे सारे किती सुंदर आहे ते मला दिसते, पण जाणवत नाही, असे तो म्हणतो. ती हिरवी छटा टिपणारी नजर शाबूत आहे, शब्दही हाताशी आहेत, फक्त आतला झरा आटला आहे. आणि काय हरवले हे इतके नेमके ठाऊक असणे, हीच तर यातना आहे. म्हणून ही कविता लिहून झाली एवढ्यावरून ते दुःख खोटे ठरत नाही. कोलरिज त्यानंतर बत्तीस वर्षे जगले, गद्य लिहिले, व्याख्याने दिली, पण पूर्वीच्या तोडीची कविता त्यांच्या हातून फारच थोडी झाली.

निवृत्तीनंतर मीही दोन वर्षे रोज पहाटे पाचला वही उघडून बसत असे. वेळ होता, शिस्त होती. त्या वह्यांत पानोपानी वर तारीख आहे आणि खाली काही नाही. अंगणातला बहावा दोन्ही उन्हाळे फुलला, मी तो पाहिला, आणि आत काहीही हलले नाही. तेव्हा मला आळशी म्हणणारे पुष्कळ भेटले. मला ओळखले ते या कवितेने.

हॉपकिन्स या कवीने १८८९ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, पक्षीसुद्धा घरटी बांधतात, मी मात्र काहीच बांधत नाही, असे लिहून माझ्या मुळांना पाऊस दे, अशी देवाची करुणा भाकली. पावसाची वाट पाहणाऱ्या आपल्या मुलखात ही ओळ समजावून सांगावी लागू नये.

कोलरिज यांची कविता मुळात दैनिकातच प्रसिद्ध झाली होती. तिचा चांगला मराठी अनुवाद एखाद्या जाणकाराकडून करवून घेऊन आपल्या पुरवणीत छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक