ॲमस्टरडॅमच्या लेखात रेम्ब्रांट का नाही?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ॲमस्टरडॅमवरचा लेख वाचला आणि चीड आली. कालव्यातली बोट, सायकली, फोटो कुठून काढावा, सगळे आहे. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याचे नाव मात्र एकदाच, तेही राइक्सम्युझियम या संग्रहालयाची रांग कशी टाळावी हे सांगताना.

आम्ही एका सहल कंपनीबरोबर गेलो तेव्हाही असेच झाले. हिऱ्यांच्या कारखान्यासाठी भरपूर वेळ, रेम्ब्रांटचे घर म्हटल्यावर टूर मॅनेजर म्हणाला, "ते कार्यक्रमात नाही. आणि जुन्या घरात बघायचं काय, मॅडम?" मी आणि मिस्टर गट सोडून गेलो.

काय बघायचे ते सांगते. हे घर रेम्ब्रांटने १६३९ मध्ये १३,००० गिल्डरला घेतले. हप्ते थकले, १६५६ मध्ये दिवाळे निघाले आणि देणेकऱ्यांसाठी खोल्याखोल्यांतून फिरून ३६३ नोंदींची यादी झाली. आज घर मांडले आहे ते त्याच यादीच्या आधाराने. शंखशिंपले, पुतळ्यांची डोकी, भिंतीतल्या कपाटात बसवलेला आखूड पलंग. वरच्या स्टुडिओत एक मुलगी जवसाच्या तेलात रंग खलून दाखवत होती.

बाहेर आल्यावर कालव्यांवरची व्यापाऱ्यांची उंच घरे मला निराळी दिसू लागली. त्यांच्याच पैशावर तो मोठा झाला आणि लिलावही त्याच शहरात झाला. नंतर रोझेनग्राख्तवर भाड्याचे घर, आणि १६६९ मध्ये वेस्टरकेर्कमध्ये भाड्याची कबर. तिची नेमकी जागा आज कुणालाच माहीत नाही. एवढे कळले की त्या चर्चसमोरून घाईने पुढे जाववत नाही.

प्रागवरच्या लेखातही तुम्ही चौकातल्या घड्याळापाशीच थांबलात. त्याच चौकातल्या किन्स्की राजवाड्यात लेखक फ्रान्झ काफ्काची शाळा होती, पुढे त्याच्या वडिलांचे दुकानही तिथेच आले. १९०८ ते १९२२ तो कामगार अपघात विमा संस्थेत नोकरी करत होता. दिवसा कचेरी, रात्री लेखन. हे दोन ओळींत सांगता आले असते. वाचकाला ते झेपणार नाही असे का धरून चालता?

जाता जाता आणखी एक. पुस्तकांचे पान अर्धे करून तिथे सहल कंपन्यांच्या जाहिराती येऊ लागल्या आहेत. ते पान आम्हाला पूर्ण परत हवे आहे.

– एक नियमित वाचक