शियांगयांग धोंड्याने पडलं नाही

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

चीनमधल्या शियांगयांग शहराला तेराव्या शतकात मंगोलांनी घातलेल्या वेढ्याबद्दल तू जे विचारलंस त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लांबलचक पत्र. तुझा समज असा की मंगोल सम्राट कुबलाई खानाने पश्चिमेकडून दोन मुसलमान कारागीर आणवले, त्यांनी अजस्र यंत्र उभं केलं, एक धोंडा सुटला आणि वर्षानुवर्षं न पडलेलं शहर पडलं. धोंडा खरा आणि यंत्रही खरं. पण तो धोंडा सुटला तेव्हा शहर हरल्यातच जमा होतं. ते हरलं पाण्यावर.

आधी जागा डोळ्यांपुढे आण. हान नदी वायव्येकडून येते, इथे वळसा घेते आणि पुढे आजच्या वुहानजवळ यांगत्सेला मिळते. दक्षिण काठावर शियांगयांग, बरोबर समोर उत्तर काठावर फानचेंग. आज दोन्ही मिळून हुबे प्रांतातलं एकच शहर आहे. त्या काळी हे दक्षिण चीनच्या सुंग राज्याच्या सरहद्दीवरचं नदीबंदर होतं. उत्तर-दक्षिण व्यापाराचा माल इथे नावांतून चढे-उतरे, आणि इथून नदीला लागलेलं आरमार यांगत्सेपर्यंत जाऊ शकत होतं. शियांगयांगच्या उत्तरेला नदी आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना खंदक. खंदक म्हणजे आपल्या भुईकोटांचा नव्हे. आज मोजला तर तो सरासरी १८० मीटर रुंद भरतो, काही ठिकाणी २५० च्या आसपास.

या रुंदीचा अर्थ बघ. चिनी सैन्याकडे दगडफेकी यंत्रं शतकानुशतकं होती, पण ती माणसांनी दोर ओढून चालवायची. १०४४ च्या सुमाराला सुंग दरबाराने सिद्ध केलेल्या सैन्यशास्त्राच्या ग्रंथात सर्वांत मोठ्या यंत्राचं माप दिलंय: सात लाकडं एकत्र बांधलेला दांडा, ओढायला २५० माणसं, नेम धरायला २, दगड ९० ते १०० जिन (जिन म्हणजे सहाशेक ग्रॅम), पल्ला ५० पावलं. चिनी पाऊल आपल्या दोन पावलांएवढं, म्हणजे पल्ला जेमतेम पाऊणशे मीटर. खंदक त्या काळी थोडा अरुंद होता असं धरलं तरी पलीकडच्या काठावरून तटाला ओरखडासुद्धा निघणार नाही. शिवाय अडीचशे माणसं एका जागी दाटीने उभी राहिली की तटावरच्या मोठ्या धनुष्ययंत्रांना आयतीच शिकार मिळते. आणि माणसं दमली की प्रत्येक फेक वेगळ्या जागी पडते.

मग वेढा घातला तरी कसा? ही योजना ल्यू झंगची. हा मूळचा सुंगांचाच सेनापती, १२६१ मध्ये फुटून कुबलाईकडे गेलेला. १२६७ मध्ये त्याने सल्ला दिला की सिच्वानच्या डोंगरांत डोकं आपटू नका, आधी शियांगयांग घ्या; हान नदी हातात आली की यांगत्से आली. मंगोलांचं घोडदळ नावाजलेलं, पण नदीवर ते दुबळं, हे त्याने स्पष्ट सांगितलं. १२६८ च्या शरदात त्याने आणि मंगोल सेनापती आजूने काम सुरू केलं. पहिला घाव त्यांनी तटावर घातलाच नाही. शहराच्या खालच्या अंगाला, बाय नदी हानला मिळते तिथे आणि लूमन डोंगरावर, त्यांनी गढ्या बांधल्या. म्हणजे खालून येणारी नाव आधी त्यांच्या माऱ्यातून जाणार. मग पश्चिमेच्या वान डोंगरापासून दक्षिणेच्या टेकड्यांपर्यंत सलग तट घालून जमिनीवरची वाट मिटवली. शेवटी आजूने नदीच्या ऐन पात्रात एक चौथरा उभा केला, दोन्ही काठांवरच्या गढ्यांना जोडीदार म्हणून. पात्रातल्या एकाही वाटेला आसरा उरला नाही.

आरमाराचं तर त्याहून नवल. १२७० मध्ये ल्यू झंगने ५,००० नावा बांधवल्या आणि ७०,००० माणसं तयार केली. पावसामुळे नदीवर जाता येत नसे त्या दिवशी जमिनीवर नावेची आकृती आखायची, आपापल्या जागी उभं राहायचं आणि कवायत करायची. मला या अख्ख्या वेढ्यात हा तपशील सर्वांत मोलाचा वाटतो. जन्मात वल्हं न धरलेल्या शिपायाला नावेत आपली जागा कुठली, हुकूम झाला की कुठल्या बाजूला वळायचं, हे कोरड्यात शिकवता येतं. पाण्यात चुकला तर बुडतो. दोन वर्षांत मंगोल नदीवर सुंगांच्या बरोबरीला आले आणि सुंग दरबाराला ते फार उशिरा कळलं.

सुंगांचा हलगर्जीपणाही कमी नव्हता. त्यांच्याकडे सांगतात की वेढ्याआधीच तिथला वरिष्ठ सेनापती लू वेनद याला मंगोलांनी जेड या रत्नाचा कमरपट्टा पाठवून शहराबाहेर बाजारपेठ मागून घेतली. मग चोरांपासून मालाचं रक्षण करायचं म्हणून भिंत घातली आणि भिंतीआड गढी उभी केली. शहराची जबाबदारी होती त्याच्या धाकट्या भावावर, लू वेनहुआनवर. या किल्लेदाराचं नाव लक्षात ठेव.

कुमक आली नाही असं नाही. सुंग सेनापती झांग शजिये १२६९ मध्ये आला, हरला. त्याच वर्षी नदीला पूर आला तेव्हा श्या ग्वे मोठं आरमार घेऊन वर चढला. वेळ अचूक निवडली होती, कारण फुगलेल्या पाण्यात गढ्यांपासून दूर राहून नाव हाकता येते. पण परतीच्या वाटेची बेगमी नव्हती आणि त्याचा पराभव झाला. फान वेनहू १२७१ मध्ये लाखभर माणसं घेऊन आला आणि सामान टाकून पळाला. त्यात भर म्हणजे दरबाराने ली तिंगझ या सेनापतीकडे एकूण नेतृत्व सोपवल्यावर याच फान वेनहूने वशिला लावून आपलं सैन्य त्याच्या हुकमाबाहेर ठेवलं. एका नदीवर दोन सेनापती आणि दोघांचं पटत नाही, ही रसदीची सगळ्यात मोठी गळती.

आता शहराच्या आत ये. धान्य संपलेलं नव्हतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. कोठारं भरलेली होती. संपलं होतं मीठ, सरपण आणि कापड. लोक घरं पाडून लाकडं जाळत होते आणि कागदी चलनाच्या नोटा शिवून अंगावर घालत होते. तटावर गस्त घालताना लू वेनहुआन दर वेळी दक्षिणेकडे बघून रडायचा आणि मग खाली उतरायचा, असं लिहून ठेवलंय. दरबारात मात्र मंत्री ज्या सदाओ वेढ्याची गोष्टच बादशहाच्या कानावर जाऊ देत नव्हता.

म्हणूनच १२७२ च्या उन्हाळ्यात ली तिंगझने जी मोहीम आखली तिच्यात धान्य नव्हतं, मीठ आणि कापड होतं. ही मोहीम नीट वाच, कारण यात सगळं शास्त्र आहे. खालून येण्याची वाट बंद, म्हणून वरच्या अंगाने, शहराच्या वायव्येला एका उपनदीवर शंभर हलक्या नावा बांधल्या. डोंगरी मुलखातली ३,००० माणसं निवडली आणि दोन नायक दिले, झांग शुन आणि झांग ग्वे. तीन तीन नावा एकत्र बांधल्या. माल फक्त मधल्या नावेत. बाजूच्या दोन नावांचा तळ पोकळ ठेवून वरून झाकलेला, शत्रू उडी मारून चढला की सरळ पाण्यात. नावांवर अग्निभाले, स्फोटक गोळे, पेटते निखारे, मोठ्या कुऱ्हाडी आणि कडक धनुष्यं. कुऱ्हाडी कशाला? मंगोलांनी पात्रात खुंट रोवून लोखंडी साखळ्या ताणल्या होत्या, त्या तोडायला. रात्री निघायचं आणि आपली नाव ओळखायला तांबडा दिवा. प्रवाहाच्या दिशेने उतरताना वेग मिळतो, पण थांबताही येत नाही, तेव्हा साखळी तुटायलाच हवी. १२० ली, म्हणजे साठेक किलोमीटर, लढत लढत पहाटे ते शहराच्या तटाखाली पोचले. मोजदाद केली तेव्हा झांग शुन नव्हता. काही दिवसांनी त्याचा देह पाण्यावर आला. अंगात चिलखत, हातात धनुष्य, भाल्याच्या ४ जखमा आणि ६ बाण.

माल पोचला, पण माणसं आत अडकली. मग झांग ग्वेने खाली फान वेनहूकडे दोन पट्टीचे पोहणारे पाठवले. पाण्याखालचे खुंट करवतीने कापत ते गेले आणि ५,००० माणसं लुंगवे बेटापाशी भेटतील असा निरोप घेऊन परतले. निघण्याच्या वेळी हजेरी घेतली तर एक माणूस कमी. आदल्या अपराधासाठी फटके खाल्लेला तो शिपाई फुटून पलीकडे गेला होता. बेत फुटलाय हे कळूनही, शत्रू सावध व्हायच्या आत निसटू म्हणून झांग ग्वे निघाला. बेटापाशी नावा दिसल्या, निशाणं दिसली, त्याने खूण केली. त्या नावा मंगोलांच्या होत्या. फान वेनहूचं सैन्य वादळी वाऱ्यापावसाचं निमित्त करून दोन दिवस आधीच तीस ली मागे सरकलं होतं. झांग ग्वे अंगभर जखमा होईपर्यंत लढला, पकडला गेला, शरण येईना म्हणून मारला गेला. चार सुंग कैद्यांच्या खांद्यावरून त्याचा देह तटाखाली पाठवला, आतल्यांनी बघावा म्हणून. माझ्या मते शहर खरं पडलं ते इथे. यापुढे कोणी येणार नाही हे आतल्या प्रत्येकाला कळलं.

तरी अजून एक धागा होता, फानचेंगचा. दोन्ही शहरांमध्ये सुंगांनी नदीत मोठी लाकडं रोवून, साखळ्यांनी जखडून, वर नावांचा पूल घातला होता. फानचेंगवर हल्ला झाला की शियांगयांगची शिबंदी पुलावरून हजर. या पुलामुळे एका शहरावर हल्ला म्हणजे दोन शहरांशी लढाई होती. उइगूर सेनापती अरिक काया आणि त्याच्या जोडीदारांनी हे हेरून आधी फानचेंग घ्यायचं ठरवलं. हिवाळ्यात हानचं पाणी उतरलेलं असतं. तेव्हा यांत्रिक करवतींनी लाकडं कापली, कुऱ्हाडींनी साखळ्या तोडल्या, पूल जाळला. १२७३ च्या सुरुवातीला फानचेंग पडलं. त्याचा नायक न्यू फू गल्लीबोळांतून लढला आणि शेवटी आगीत उडी घेऊन मेला. कत्तल झाली, आणि समोरच्या काठावरून शियांगयांगने ती पाहिली.

आता तुझं यंत्र. कुबलाईने १२७१ मध्ये इराणच्या मंगोल राजाकडे, इलखान अबाकाकडे, कारागीर मागितले. इस्माईल आणि अलाउद्दीन आले, आधी राजधानीत यंत्र उभारून दाखवलं, मग आघाडीवर. दिल्लीच्या सुलतानांच्या इतिहासात तू मंजनीक वाचलीस, त्याच घराण्यातलं हे. दांड्याच्या आखूड टोकाला वजनाची जड पेटी, लांब टोकाला गोफण. चाकाने लांब टोक खाली ओढून कडी अडकवायची, दगड ठेवायचा, कडी काढायची. पेटी खाली जाते आणि गोफण वर भिरकावते. ओढणाऱ्यांची गर्दी नाही. वजन तेच राहतं, म्हणून दगडही सारख्या वजनाचे घडवले की फेक पुन्हा पुन्हा त्याच जागी पडते. गोफण लवकर सुटली तर दगड उंच जाऊन जवळच पडतो, उशिरा सुटली तर समोरच जमिनीत घुसतो; टोकाच्या आकड्याचा बाक थोडाथोडा बदलत तो क्षण जमवावा लागतो. इस्माईलने भूभाग पाहून शहराच्या आग्नेय कोपऱ्यात जागा निवडली. दगड १५० जिन, म्हणजे नव्वदेक किलो, आणि जमिनीत ७ चिनी फूट रुतणारा. एक दगड नगाऱ्याच्या मनोऱ्यावर पडला, विजेसारखा आवाज झाला आणि काही नायक तटावरून उतरून शरण गेले.

फानचेंगच्या तटावर हे यंत्र आधी चाललं होतं, तेव्हा त्याचं श्रेय मी नाकारत नाही. पण पूल उभा असता तर भगदाड रातोरात भरून निघालं असतं. जंजिऱ्याचंही तेच बघ. १६८२ मध्ये संभाजीराजांनी खाडीत भराव घालायला घेतला, पण समुद्राकडची वाट सिद्दीला कायमची कधी बंद झाली नाही. शिवाय या यंत्राला तोड निघाली होती. १२७३ मध्येच सुंगांनी उपाय लिहून काढला: भाताच्या पेंढ्याचे जाड दोर, घेर ४ चिनी इंच, लांबी ३४ चिनी फूट, वीस दोरांची एक जुडी. जुड्या बुरुजाच्या माथ्यावरून जमिनीपर्यंत चार-पाच थरांत लोंबत सोडायच्या आणि वरून चिखल ओतायचा. चिखलाने आग लागत नाही, लोंबत्या दोरांत धोंड्याचा जोर मरतो. शियांगयांगच्या उपयोगाला ते आलं नाही एवढंच.

अरिक काया एकटा तटापाशी गेला, बाण मोडून अभयाची शपथ घेतली, आणि मार्च १२७३ मध्ये लू वेनहुआनने दार उघडलं. कुबलाईने त्याला हुद्दा दिला. पुढच्या वर्षी मंगोल सेनापती बायान हान नदीने खाली उतरला तेव्हा वाट दाखवायला हाच होता. यांगत्सेवरचे कितीतरी ठाणेदार लू घराण्याचे जुने आश्रित. ते निरोपावर दारं उघडत गेले. १२७६ मध्ये सुंगांची राजधानी शरण आली. धोंड्याने एक मनोरा पाडला. अर्धी यांगत्से या माणसाच्या ओळखीने पडली.

मार्को पोलो म्हणतो की ती यंत्रं त्याने, बापाने आणि चुलत्याने करून दिली. तो चीनला पोचला १२७५ च्या सुमाराला, शहर पडून दोन वर्षं झाल्यावर. तुझ्या व्याख्यानात ते वाक्य असेल तर काढून टाक.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मधू