आईला तिसरीच्या वर्गाचं बोलावणं

नाशिक

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

फोनवर बोलणं होतंच, पण हे काम फोनवर काढलं असतं तर आईनं "मला नाही बाई जमायचं" म्हणून फोन बाबांच्या हातात दिला असता. म्हणून पत्र.

माझ्या तिसरीच्या मुलांना सध्या गावाचा आणि शहराचा कारभार शिकवतेय. नागरिकशास्त्रात हे नीट येतं सहावीला, तेव्हा मुलं ते पाठ करतात. आठव्या वर्षी मात्र भांडून समजून घेतात. पहिल्याच तासाला विचारलं, सकाळी नळाला पाणी कोण सोडतं? उत्तरं आली: मम्मी, घरमालक, पंतप्रधान. मग नळापासून उलटे निघालो. जलकुंभ, शुद्धीकरण केंद्र, गंगापूर धरण. धरण राज्याच्या जलसंपदा खात्याचं, पण पाणी शुद्ध करून दारापर्यंत आणायचं काम महापालिकेचं. (बाबा, तुम्ही अजून 'नगरपालिका'च म्हणता. 1982 पासून महापालिका आहे हो!)

मग वाटणीचा खेळच सुरू झाला. घंटागाडी महापालिकेची, अग्निशमन दल महापालिकेचं, पोलीस राज्याचे. सिटीलिंकची बस महापालिकेची, एसटी नाही. रस्त्यावरचा दिवा महापालिकेचा, घरातली वीज महावितरणची. इथे एकानं विचारलं, "मग दोन्ही एकदम गेले तर कोणाला फोन करायचा?" मला वाटतं, सगळा धडा या प्रश्नात आहे. सरपंच, सभापती, महापौर अशी पदांची उतरंड फळ्यावर काढून देणारे शिक्षक पुष्कळ आहेत. तक्रार कुठल्या दारात न्यायची हे मुलांना त्यातून कळत नाही.

निवडणूकही घेतली. आपल्याकडे एका प्रभागातून बहुधा चार नगरसेवक निवडायचे असतात. 2017 मध्ये 31 प्रभागांतून 122 निवडून आले होते. म्हणून प्रत्येकाला चार चिठ्ठ्या दिल्या. काहींनी चारही स्वतःलाच टाकल्या! पुढचा वाद, महापौर मोठा की आयुक्त? महापौर नगरसेवकांनी आपल्यातून निवडलेला, आयुक्त राज्य सरकारनं पाठवलेला. सभागृहानं ठरवायचं, आयुक्तांनी करायचं, असं सांगितलं. आणि ठरवणारेच नसले तर? तसं झालंच होतं ना. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि आयुक्तच प्रशासक झाले. या मुलांना कळायला लागलं तेव्हा शहरात नगरसेवकच नव्हते. नगरसेवक म्हणजे फ्लेक्सवरचा काका, एवढीच त्यांची ओळख. त्यात त्यांचा काय दोष?

अडलं ते ग्रामसभेपाशी. गावातला प्रत्येक मतदार त्या सभेत बसू शकतो, सरपंचाला खर्च विचारू शकतो, हे त्यांना खरंच वाटेना. शहरात तसं काही होताना दिसत नाही. मी सांगितलं, माझी आई ग्रामपंचायत सदस्य होती. वर्ग गप्प. मग एक मुलगी म्हणाली, "खरी?"

तर आई, तू ये. भाषण नको. विहिरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर रोज पडते का, हे तू स्वतः जाऊन बघायचीस ते सांग. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा कायद्यानंच घ्यावी लागते, पण ती कागदावरच उरकायचा बेत होता तेव्हा तू रजिस्टरवर सही करायला नकार दिलास, तेही सांग. निम्म्या जागा बायकांना राखीव म्हणून तू उभी राहिलीस, यात लाजण्यासारखं काही नाही. आणि सुरुवातीला तुझ्याऐवजी बाबाच बोलायचे हेही सांगून टाक. मुलं विचारणारच.

शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा शुक्रवारीच मुक्कामाला या. निफाडहून एसटीनं आलात तर मी स्टँडवर येते. घरपट्टीच्या जुन्या पावत्या असतील तर आण, आमची घरपट्टीची पावती मुलांनी आधीच चाळलीय, त्यातला वृक्ष कर पाहून "झाडंपण पैसे भरतात?" असं विचारून झालंय. गावची पावती शेजारी ठेवून दोन्हींत काय वेगळं आहे ते त्यांनाच शोधू दे.

बाबांनी मागच्या बाकावर बसायचं. उत्तरं आई देईल.

तुमची,
ताई