शाळेच्या परसबागेसाठी मावशींचे जाहीर आभार

प्रिय मावशी,
सप्रेम नमस्कार.

पोषण आहार शिजवणं हे तुमचं काम. पण परसबाग शाळेच्या वेळापत्रकात कशी बसवायची, हेही आम्हां शिक्षकांना तुम्हीच शिकवलंत. इतर शाळांनाही उपयोग व्हावा म्हणून तुमचं सांगणं इथे तपशिलात लिहितो आहोत.

पेरणी ठरवताना पावसाइतक्याच सुट्ट्या पाहायच्या, हा तुमचा पहिला धडा. जूनमध्ये शाळा उघडली की भेंडी आणि गवार. भेंडी पन्नासेक दिवसांत तोडणीला येते आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुलांच्या हाती राहते. मेथी, पालक, मुळा दिवाळीनंतरच पेरायचे. ते आधी पेरले तर ऐन सुट्टीत पाण्यावाचून वाळतात. मार्च संपला की नवं काही लावायचं नाही.

वाफा 3 फूट रुंद, कारण पहिलीतल्या मुलाचा हात एका बाजूने जेमतेम दीड फूट पोचतो. त्याहून रुंद केला की मुलं आत पाय देतात आणि माती दडपते. आपली जमीन काळी, म्हणून वाफा 6 इंच उंच घ्यायचा, नाहीतर श्रावणात मुळं कुजतात. भेंडीचं बी रात्रभर भिजवून बोटाच्या पहिल्या पेराइतकं खोल टोकायचं. राजगिऱ्याचं बी बारीक, ते कोरड्या वाळूत मिसळून पेरायचं, म्हणजे एकाच जागी ढीग पडत नाही. दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या की तिसरीच्या वर्गाचं मोजमाप तिथेच होतं.

शाळेच्या बागेत रोपं मरतात ती बहुतेक जास्त पाण्याने. प्रत्येक मुलाला पाणी घालायचं असतं, मग रोपाचा बुंधा जमिनीलगत कुजून ते आडवं होतं. त्यावर तुमची बोटाची परीक्षा उत्तम: बोट मातीत खुपसायचं, ओली माती चिकटून आली तर आज पाणी नाही. जेवणाआधी हात धुतलेलं पाणी चर काढून अळू आणि केळीकडे सोडायचं, पालेभाजीकडे नाही.

सगळ्यात मोठे आभार वेलांसाठी. दुधी आणि दोडका यांची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा शाळा सुटलेली असते. लाल भोपळा आणि घोसाळं सकाळी फुलतात, म्हणून कुंपणावर हेच दोन वेल लावायचे, हे आम्हांला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. आता परिपाठ संपला की चौथीची मुलं वेलापाशी जातात. ज्या फुलाखाली इवलासा भोपळा आहे ते मादीचं, नुसत्या लांब देठाचं ते नराचं. नराच्या पाकळ्या खुडून पिवळा पराग मादीफुलातल्या चिकट भागावर अलगद टेकवायचा. भोपळ्याचं फूल दुपारपर्यंत मिटतं, म्हणून हे सकाळीच उरकायचं. पावसाच्या झडीत मधमाश्या फिरत नाहीत आणि कोवळी फळं पिवळी पडून गळतात. ती का गळतात, हे मुलांना आता शिकवावं लागत नाही.

लिंबाचं झाड फुलपाखरांच्या अळ्यांसाठी सोडायला लावलंत, तेही फार मोलाचं. अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. डिवचली तर डोक्यामागून लालसर शिंगं काढून उग्र वास सोडते. आपलं राज्य फुलपाखरू राणी पाकोळी, तीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालते. त्यामुळे या झाडावर फवारणी बंद म्हणजे बंद. चवळीच्या शेंड्यावर मावा आला तरी आधी मावा खाणारे ढालकिडे पोचतात का ते भिंगातून पाहायचं. मावा फारच वाढला तर 50 ग्रॅम निंबोळीची भरड 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्याने गाळायची, साबणाचं थोडं पाणी मिसळायचं आणि शाळा सुटल्यावर मोठ्यांनी फवारायची.

या वर्षीची दोन घोसाळी वेलावरच वाळू दिली आहेत. हलवली की आत बी खुळखुळतं. मुलं म्हणतात, फोडायची ती मावशींसमोरच. शनिवारी सकाळची शाळा आहे, जरूर या.

आपले,
शाळेतले सर्व शिक्षक